नटीच्या कडेवर मूल नसले, तर ती आई कमी ठरते का?

मांजराकाठ (लातूर)

मी लातुरात एका खासगी महाविद्यालयात शिकवते. मुलगा सव्वा वर्षाचा आहे. सकाळी त्याला सासूबाई पाहतात, अकरानंतर एक मावशी येतात आणि साडेचारच्या सुमारास मी घरी पोहोचते. मागच्या आठवड्यात आमच्या भिशीच्या गटावर एका अभिनेत्रीचे विमानतळावरचे रील फिरले. बाळ सांभाळणाऱ्या बाईच्या कडेवर होते आणि अभिनेत्री दोन पावले पुढे चालत होती, एवढेच त्यात होते. त्यावर ‘पैसा असला की मूलही दुसऱ्याच्या कडेवर वाढते’, ‘हिला आई कोण म्हणेल’ असे एकामागून एक शेरे आले आणि शेवटी एकीने हसण्यावारी नेत मलाही विचारले, की तुझा बाळ आधी आई म्हणायला शिकला की मावशी?

नट्यांना नावे ठेवणे हा आपला जुनाच विरंगुळा आहे, त्याचे मला फारसे वाटत नाही. मला प्रश्न पडला आहे तो मोजमापाचा. करीना कपूरचा पहिला मुलगा तैमूर डिसेंबर २०१६ मध्ये जन्मला. त्याला सांभाळणारी बाई बहुतेक छायाचित्रांत त्याच्यासोबत दिसायची, म्हणून करीनाला वर्षानुवर्षे बोल लावले गेले आणि त्या बाईच्या पगाराच्या अफवांचीही बातमी झाली. याच्या नेमके उलट ऐश्वर्या रायचे. तिची मुलगी २०११ ची, पण मुलगी शाळेत जाऊ लागली तरी ही विमानतळावर तिचा हात सोडत नाही, यावर विनोदांची कमतरता नाही. हीच ऐश्वर्या बाळंतपणानंतर २०१२ मध्ये कानच्या चित्रपट महोत्सवाला गेली, तेव्हा तिचे वजन का उतरले नाही म्हणून तिची झडती घेतली गेली होती. मूल पूर्ण वेळ पाहणाऱ्या आईचे वजन उतरण्याचा आणि मातृत्वाचा संबंध काय, हे तेव्हाही कोणी सांगितले नव्हते.

हात सोडला तरी चुकते आणि धरला तरी चुकते, तर मग आपण मोजतो ते नेमके काय? आणि जिथे मूल कधीच एकट्या आईच्या हाताने वाढलेले नाही, त्या आपल्या मराठवाड्यात ही कसोटी आली कोठून? इथल्या जाणत्या मंडळींनी लिहावे.

तेरणा (धाराशिव)

मांजराकाठ ताई, अगदी तुमच्या अंगणातले उदाहरण सांगते. जेनेलिया ही बाभळगावच्या देशमुखांची सून, अवघ्या महाराष्ट्राची वहिनी. २०१४ आणि २०१६ मध्ये तिला मुलगे झाले आणि जवळपास दहा वर्षे ती मोठ्या भूमिकांपासून दूर राहिली, ती २०२२ मध्ये परतली आणि त्याच डिसेंबरात मराठी चित्रपटातही दिसली. तिची मुले छायाचित्रकार दिसले की हात जोडतात. ती दृश्ये आमच्याकडे प्रत्येक घरातल्या मोबाइलवर पोहोचली असतील आणि ‘आईचे संस्कार बघा’ हे वाक्य त्यासोबत ठरलेले. मला वहिनींबद्दल आदरच आहे. पण त्यांचे कौतुक ज्या पायावर उभे आहे तो पाया पाहा: तिने घर धरून ठेवले. रितेश त्या सर्व वर्षांत काम करत होते आणि हात जोडायला वडिलांनीही शिकवले असेल, अशी शंकासुद्धा कोणाला आली नाही.

दुसऱ्या प्रश्नाबद्दल सांगायचे, तर आपल्या इतिहासाला दुसऱ्या बाईच्या हाती दिलेले मूल कधी खटकलेले नाही. संभाजीराजे १६५७ मध्ये पुरंदरावर जन्मले. सईबाईंची प्रकृती ठीक नव्हती, म्हणून कापूरहोळच्या धाराऊ दूधआई म्हणून आल्या. सईबाई १६५९ मध्ये गेल्या आणि पुढे नातवाला जिजाऊंनी वाढवले. हा धडा वर्गात वाचताना सईबाईंना उणे बोललेले मी तरी ऐकलेले नाही आणि धाराऊंचे नाव आपण आदरानेच घेतो. तैमूरला सांभाळणाऱ्या बाईचे नाव मात्र घेतले गेले ते थट्टेसाठी. बाई तीच, काम तेच, मग यातून कोणाची पत ठरते, असे विचारले पाहिजे.

गोदाकाठ (नांदेड)

मी प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका आहे. वरील दोघींशी माझे अर्धेच जुळते आणि न जुळणारा अर्धा भाग सविस्तर लिहिते.

माझ्या बाळंतपणात न्हाऊ घालणारी बाई रोज सकाळी येत असे. न्हाणीघरात पाटावर बसून ती पाय लांब सोडायची, बाळाला नडग्यांवर पालथे घालून पाठीला तेल जिरवायची, मग उताणे करून टाळू भरायची, नाक-डोळे सारखे करायची आणि अंगाला सोसेल तेवढ्या कढत पाण्याने त्याचे रडणे मोडून काढायची. त्यानंतर ओव्याची आणि बाळंतशोपेची धुरी, कुंची, आणि मग ते गाठोडे माझ्या मांडीवर. तोवर मी शेगडीजवळ बसून नुसती पाहत असे. मला कोणी आळशी आई म्हटले नाही, कारण बाळंतिणीने काय करायचे नाही हे सर्वांना ठाऊक होते आणि ते काम कोण करते हेही गल्लीला दिसत होते. बारशाला तिला खण-नारळ आणि पातळ मिळायचे, ते चारचौघांत.

आता प्रसिद्ध आयांकडे वळते. त्यांना सगळे बिचाऱ्या ठरवून मोकळे होता येणार नाही. पोट दिसू लागल्याच्या छायाचित्रांपासून बाळाच्या तेला-साबणाच्या जाहिरातींपर्यंत मातृत्व हा त्यांच्या व्यवसायाचा भाग झालेला आहे. घरात दोन-तीन माणसे राबत असताना चित्रात फक्त आई आणि बाळ ठेवायचे, पांढरीशुभ्र चादर, कुठे दुधाचा डाग नाही, आणि खाली ‘मी सगळे स्वतः करते’ या अर्थाचे चार शब्द. असे चित्र हिंगोलीतल्या किंवा उदगीरमधल्या बाळंतिणीने पाहिले, तर ती स्वतःच्या पसाऱ्याला दोष देईल, नाही तर काय करेल? जे विकले जाते त्याची परीक्षा होणारच आणि ती व्हावी, असे माझे मत आहे. म्हणूनच करीनाच्या छायाचित्रांत ती सांभाळणारी बाई उघडपणे दिसत होती, हे मला त्या सगळ्या प्रकारातले सर्वांत सरळ वागणे वाटले. नेमके त्यालाच लोकांनी धोपटले.

आणखी एक. आई दिवसभर जवळ नसल्याने मुलाचे काहीच उणे होत नाही, असे लिहिण्याची आजकाल पद्धत पडली आहे, ती मला मान्य नाही. फरक पडतो. वर्गात मला तो दिसत असे. पण तो आई नोकरी करते की नाही यावरून पडलेला नसे. काही मुलांना घरी गेल्यावर दिवसभराचे सांगायला कोणीच नसे आणि त्यांपैकी कितीतरी जणांच्या आया घरातच असत. रोज तेच माणूस, तोच आवाज, तीच वेळ एवढे मुलाला मिळाले, तर ते माणूस आजी आहे की मावशी याने फारसे बिघडत नाही. माणसे सारखी बदलत राहिली तर बिघडते.

मांजराकाठ (लातूर)

गोदाकाठ ताई, तुमचे जाहिरातींबद्दलचे म्हणणे मी भिशीत जसेच्या तसे सांगणार आहे. पण एक शंका राहते. जिने मदतनीस उघड ठेवली तिला शिव्या बसल्या आणि जिने ती चित्राबाहेर ठेवली तिला शाबासकी मिळाली, तर पुढची अभिनेत्री काय शिकेल? चित्र खोटे असल्याचा दोष त्यांच्याकडे जातो हे खरे, पण खोट्याला भाव आपण दिला. माझ्यापुरते बोलायचे, तर पाहुणे येणार असले की मावशींना लवकर घरी पाठवण्याची सूचना मला आमच्याच घरातून मिळते.

बालाघाट (बीड)

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. चर्चा अभिनेत्रींची आहे आणि ती तिथेच राहावी, पण आमच्या तालुक्यातून पाहिले की तिचे एक टोक सुटलेले दिसते.

दिवाळीनंतर आमची निम्मी वस्ती ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जाते आणि मार्च-एप्रिलमध्ये परतते. नवरा-बायकोच्या जोडीलाच तिथे ‘कोयता’ म्हणतात. मुकादमाकडून उचल घेतली जाते ती जोडीवर, त्यामुळे ‘मी या वर्षी मुलापाशी राहते’ असे म्हणण्याची सोय बाईला नसते. तान्हे मूल सोबत नेले तर ते फडाच्या कडेला साडीच्या झोळीत निजते, पहाटेच्या थंडीत उसाच्या पाचटाजवळ. मोळ्या बांधून झाल्या आणि गाडी रात्री आली, तर आई रात्रीही भरणीला असते. शाळेच्या वयाचे मूल मागे ठेवले तर ते आजीजवळ राहते, किंवा गावात हंगामी वसतिगृहाची सोय झाली तर तिथे जेवते. मी जी हजेरी घेतो तिच्यात दरवर्षी अशी मुले असतात. सुटीच्या दिवशी ती माझ्या मोबाइलवरून आईशी बोलतात आणि बोलणे बहुधा ‘जेवलास का’ याच्यापुढे जात नाही.

या बायका पाच-सहा महिने मुलापासून दूर असतात. त्यांना कोणी निष्ठुर म्हटलेले मी ऐकले नाही, पण त्यांच्या मातृत्वावर कोणी गौरवाचे दोन शब्द लिहिल्याचेही आठवत नाही. त्यांच्याबाबत समाजाला मतच नाही. मूल सोबत नेऊन शाळा बुडाली की मात्र पंचनामा होतो, आणि तोही आईचाच. नोंदणी झाली असेल तर पहिल्या बाळासाठी मातृवंदना योजनेचे ५,००० रुपये मिळतात. रजा म्हणाल, तर ती शब्दापुरतीही नाही.

तेव्हा मांजराकाठ ताईंच्या प्रश्नाला माझे उत्तर असे, की आपण काळजी मोजत नाही. मूल स्वतःच्या हाताने वाढवता येणे ही आपल्याकडे ऐपतीची खूण झालेली आहे आणि ज्या बाईकडे ऐपत दिसते तिने ती खूण मिरवलीच पाहिजे, असा आपला आग्रह असतो. अभिनेत्रीकडे पैसा आहे, मग ती घरी का बसत नाही, हा खरा राग आहे. ऊसतोडीच्या बाईकडे तो पर्यायच नाही, म्हणून तिच्यावर राग नाही आणि तिची दखलही नाही.

याला एक अपवाद दिसतो, तो पदकाचा. मेरी कोमला २००७ मध्ये जुळे झाले आणि २००८ मध्ये ती पुन्हा जगज्जेती झाली. २०१२ मध्ये लंडनला कांस्यपदक घेतले, तेव्हा मुले घरी वडिलांपाशी होती. सानिया मिर्झाचा मुलगा ऑक्टोबर २०१८ चा. जानेवारी २०२० मध्ये तिने पुनरागमनातच होबार्टचे दुहेरीचे विजेतेपद जिंकले. या दोघींना आपण डोक्यावर घेतले ते योग्यच केले. चित्रपटात काम करणाऱ्या बाईचे काम मात्र आपण काम म्हणून धरतच नाही, ते आपल्या लेखी मिरवणे असते. मेरीच्या नवऱ्याने घर सांभाळले याचे तर लेखच्या लेख आले, जणू काही अघटित घडले होते.

आडवाट (छत्रपती संभाजीनगर)

बालाघाट सरांनी शेवटी नवऱ्याचा उल्लेख केला, तिथूनच पुढे जातो. मी वाळूज औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या मनुष्यबळ विभागात काम करतो आणि रजेचे अर्ज माझ्या टेबलावरून जातात.

डिसेंबर २०२० मध्ये विराट कोहली ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यातून पहिल्या कसोटीनंतर घरी परतला. ॲडलेडला संघ ३६ धावांत बाद झाला होता, त्यामुळे कर्णधार बाळंतपणासाठी कसा जातो म्हणून काही जण चिडले आणि कुटुंबाला वेळ देणारा बाप म्हणून बाकीच्यांनी त्याला उचलून धरले. दोन्ही बाजूंना त्याची रजा ही त्याची स्वतःची निवड वाटत होती. आईच्या बाबतीत ही भाषा वापरली जात नाही. दीपिका पदुकोणला सप्टेंबर २०२४ मध्ये मुलगी झाली. पुढच्या वर्षी तिने आठ तासांच्या कामाची अट घातल्याची चर्चा सुरू झाली, तेव्हा त्याला नखरे म्हटले गेले. मूल बाईकडे दिले तर ती आई नव्हे, आणि मुलासाठी घरी वेळेवर जायचे म्हटले तर ती कामाची नव्हे, असा हा कात्रीतला न्याय आहे. आमच्या कारखान्यातल्या पाळीत तर आठ तासांनी भोंगा वाजतो आणि कोणालाही त्यात नखरा दिसत नाही.

आकडे पाहायचे असतील तर सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात आहेत. घरातल्या माणसांची विनामोबदला देखभाल करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी १३४ मिनिटे त्यात घालवतात, तर पुरुष ७६. स्वयंपाक, धुणीभांडी वगैरे घरकामात स्त्रियांची २९९ मिनिटे आणि पुरुषांची ९७. म्हणजे जो बाप मुलाला घेऊन बसतो त्याचेही सव्वा तास भरतात, पण दुधाची बाटली उकळणे, दुपटी धुणे, मऊ भात शिजवणे हे दुसऱ्याच खात्यात जमा होते आणि ते खाते बाईचे. छायाचित्रात कडेवर मूल दिसते, दुपट्यांची बादली दिसत नाही. सहज आठवले म्हणून लिहितो, ‘बाबा मुलाला सांभाळतात’ असे आपण म्हणतो, ‘आई सांभाळते’ याची वेगळी बातमी होत नाही.

कायद्याचा साचाही हाच आहे. २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूती रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे केली, पहिल्या दोन अपत्यांसाठी. ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघर असावे आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊ द्यावे, असेही त्यात आले. ही संख्या एकूण कर्मचाऱ्यांची धरायची असते, फक्त बायकांची नव्हे, हे पुष्कळांना माहीत नसते. पण चार भेटींची मुभा आईलाच. बापाच्या रजेबाबत खासगी क्षेत्राला कायदा काहीच सांगत नाही; केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला १५ दिवस मिळतात. शिवाय कर्मचारी राज्य विमा योजनेबाहेरच्या बाईचा २६ आठवड्यांचा पगार पूर्णपणे मालकाच्या खिशातून जातो, म्हणून मुलाखतीत ‘लग्न ठरले आहे का’ हा प्रश्न अजून आडवळणाने विचारला जातो. मी तो विचारताना ऐकलेला आहे. अशा मुलाखतीतून नाकारल्या गेलेल्या मुलीला उद्या कोणी विमानतळाचे रील दाखवून मातृत्वाचे धडे देऊ लागले, तर तिने काय म्हणावे?

गोदाकाठ (नांदेड)

आडवाट, आकड्यांबद्दल आभार. बालाघाट सरांच्या ऐपतीच्या मुद्द्यामुळे मला माझ्या लिखाणात एक भर घालावीशी वाटते. आमच्या वेळी न्हाऊ घालणारी बाई बोलावणे हेसुद्धा ऐपतीचेच लक्षण होते, पण त्याचा दिखावा उलट दिशेचा होता: बाळंतिणीला काही करावे लागत नाही, यात सासरची शान होती. आता आईने स्वतः सगळे करणे यात शान आहे. मधल्या काळात घरातली माणसे कमी झाली, आजी गावाकडे राहिली आणि मदत विकत घ्यावी लागू लागली. विकतच्या मदतीला आपण मदत मानत नाही, नातेवाइकाने केली तरच ती माया. मांजराकाठ ताईंच्या भिशीतल्या त्या बाईने सासूबाई सांभाळतात यावर काही टोमणा मारला नाही, मावशींवर मारला, हे लक्षात घ्या. तिच्या घरी आजी हाताशी असेल आणि तिला त्याची किंमत मोजावी लागत नसेल.

जाहिरातींबद्दलचे माझे मत मात्र मी बदललेले नाही.

मांजराकाठ (लातूर)

सर्वांचे आभार. भिशीतल्या त्या बाईच्या सासूबाई तिच्यासोबतच राहतात, हे खरेच आहे. आडवाट दादा, आमच्या संस्थेत शिक्षक-शिक्षकेतर मिळून साठेक जण आहेत. लहान मुले असलेल्या आम्ही चौघी आहोत आणि पाळणाघरासाठी प्राचार्यांना अर्ज द्यावा, असे कधीपासून मनात आहे. तो कसा द्यावा? ‘आमच्या वेळी कुठे होती पाळणाघरे’ हे उत्तर येणार, याची मला जवळपास खात्री आहे.

आडवाट (छत्रपती संभाजीनगर)

लेखी द्या आणि पोच घ्या. ५० कर्मचाऱ्यांची तरतूद अर्जात स्पष्ट नमूद करा, सोबत शिक्षक कक्षाजवळची एखादी रिकामी खोली तुम्हीच सुचवा. पाणी, स्वच्छतागृह आणि एक कायम मदतनीस यांचा महिन्याचा अंदाजे खर्चही जोडा, म्हणजे जागा आणि पैसा नाही ही सबब आधीच निकालात निघेल. गोदाकाठ ताईंनी रोज तेच माणूस हवे असे लिहिले आहे, ते अटीत घाला. रोजंदारीवर बदलत्या बायका नकोत. आणि चौघींनीच सह्या करू नका. ज्या पुरुष सहकाऱ्यांची मुले पाच वर्षांच्या आतली आहेत त्यांच्याकडे आधी जा, त्यांच्या सह्या वरती घ्या. अर्जावर फक्त आयांची नावे असली, तर ती बायकांची अडचण म्हणून फायलीत जाते आणि तिथेच राहते, हे मी दोन ठिकाणी पाहिले आहे.